सुरतेच्या खासदाराचा शब्द

१९५७ ते १९७७ या वीस वर्षांत लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या आणि पाचही वेळा सुरतेने एकाच माणसाला दिल्लीला पाठवले : मोरारजी रणछोडजी देसाई. कतारगाम आज याच सुरत लोकसभा मतदारसंघातला एक विधानसभा भाग आहे, हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेला. त्या काळी ते तापीकाठचे, शहराच्या कडेचे गाव होते. या पट्ट्यातल्या मतदाराने मोरारजींना निवडले ते दांडी-बार्डोलीच्या मुलखातला गांधीमार्गी माणूस म्हणून, १९३० साली डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून चळवळीत उतरलेला माणूस म्हणून, आणि शेवटच्या खेपेला आणीबाणीत जवळजवळ एकोणीस महिने स्थानबद्धता सोसलेला माणूस म्हणून. अणुबॉम्ब करावा की करू नये, हा प्रश्न सुरतेच्या प्रचारसभांचा नव्हता. तरीही मार्च १९७७ मध्ये हाच खासदार पंतप्रधान झाला आणि पोखरणच्या पहिल्या स्फोटानंतर ऐन भरात आलेल्या कार्यक्रमाला त्याने सव्वादोन वर्षे लगाम घातला. भारताच्या इतिहासात बॉम्बला इतक्या उघडपणे नकार देणारा दुसरा पंतप्रधान झाला नाही.

मराठी वाचकाला मोरारजी हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडले, आणि हुतात्मा चौकाकडे पाहताना आजही पहिल्यांदा त्यांचेच नाव ओठांवर येते. ती जखम खरी आहे आणि ती झाकावी असे मला मुळीच वाटत नाही. उलट, अणुधोरणातले मोरारजी समजून घ्यायचे तर हेच मोरारजी समोर असले पाहिजेत. एकदा मनाशी ठरवले की लोक काय म्हणतात, पक्ष काय म्हणतो, याची तमा न बाळगणारा हा स्वभाव. मुंबईत त्या हट्टाची किंमत सामान्य माणसांनी मोजली. बॉम्बच्या बाबतीत त्याच हट्टाने देशाचा हात धरून ठेवला. आणि धोरण एका माणसाच्या स्वभावावर उभे राहिले, तर त्या माणसाच्या खुर्चीबरोबर तेही जाते, हेही याच हट्टाने दाखवून दिले.

गोष्ट सुरू होते ती चीनपासून. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला. १९६२ च्या पराभवाला दोनच वर्षे झाली होती. आठच दिवसांत होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले आणि दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च त्यांनी साडेसतरा लाख रुपये सांगितला. बॉम्ब स्वस्तात पडतो, असा अर्थ त्यातून देशाने काढला. जनसंघाने बॉम्बची मागणी लावून धरली. काँग्रेसमध्येही चुळबूळ सुरू झाली. लालबहादूर शास्त्रींनी मधला मार्ग काढला : बॉम्ब नाही, पण शांततेच्या कामासाठी भूमिगत स्फोटाचा अभ्यास करायला हरकत नाही. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री आणि भाभा दोघेही काही दिवसांच्या अंतराने गेले. अणुऊर्जा आयोगावर विक्रम साराभाई आले. स्फोट म्हणजे शस्त्र नव्हे, त्यामागे विमाने, रडार, क्षेपणास्त्रे, सगळा उद्योग उभा करावा लागतो आणि तो गरीब देशाला परवडणारा नाही, असे ते स्पष्ट म्हणत. त्यांनी त्या अभ्यासाला ब्रेक लावला.

बॉम्बवाचून सुरक्षितता मिळते का, हेही त्या काळात भारताने पडताळून पाहिले. एप्रिल १९६७ मध्ये साराभाई आणि पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा मॉस्को, वॉशिंग्टन फिरून आले. चीनने अण्वस्त्राची धमकी दिली तर तुम्ही पाठीशी उभे राहाल का, एवढाच प्रश्न होता. खात्रीचे उत्तर कुणीच दिले नाही. पुढच्या वर्षी अण्वस्त्र प्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कायम हात बांधून घ्यायचे, असा तो मसुदा होता. भारताने सही केली नाही. त्या सरकारात उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री होते मोरारजी.

पुढचा निर्णय मात्र अगदी थोड्या माणसांत झाला. १९७२ पासून होमी सेठना आयोगाचे अध्यक्ष होते आणि राजा रामण्णा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक. पंतप्रधान इंदिरा गांधी, त्यांचे दोनचार सल्लागार आणि हे शास्त्रज्ञ, एवढ्यांतच चर्चा झाली. पूर्ण मंत्रिमंडळापुढे विषय आलाच नाही. १८ मे १९७४ च्या सकाळी पोखरणच्या वाळवंटात, जमिनीखाली शंभराहून अधिक मीटर खोल, स्फोट झाला. त्यासाठीचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या 'सायरस' अणुभट्टीतून आले होते. ती भट्टी कॅनडाने दिली होती आणि तिचे जड पाणी अमेरिकेने. देशभर जल्लोष झाला. कॅनडाने सहकार्य थांबवले. अणुसाहित्य विकणारे देश लंडनमध्ये एकत्र बसले आणि निर्यातीचे नियम आवळू लागले. ऑक्टोबरमध्ये यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. ज्या स्फोटाच्या निर्णयात त्यांचा हात नव्हता, त्याचा शांततामय हेतू जगाला पटवून देण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले.

या सगळ्याचा फटका जिथे थेट बसला ते ठिकाण सुरत आणि मुंबईच्या दरम्यान आहे : तारापूर. १९६३ च्या करारानुसार अमेरिकी कंपनीने बांधलेल्या तिथल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून वीज देत होत्या, ती महाराष्ट्र आणि गुजरात दोघांच्या वाट्याला येत होती. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. ते भारतात तयार होत नव्हते, अमेरिकेतून यायचे. करार तीस वर्षांचा होता. पण करार कागदावर असतो आणि इंधन जहाजावर. जहाज सुटायचे की नाही, हे वॉशिंग्टनमधले परवाना देणारा आयोग आणि अमेरिकी संसद ठरवणार होते. परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिखर परिषदा आणि हस्तांदोलने येतात. तारापूरच्या बाबतीत ते धोरण इंधनाच्या पुढच्या खेपेच्या परवान्यात अडकून बसले होते, आणि त्या परवान्याची धग पंतप्रधानांच्या स्वतःच्या मतदारसंघापर्यंत पोचत होती.

२४ मार्च १९७७ ला मोरारजींनी शपथ घेतली. वय ८१. पहिल्या काही महिन्यांतच त्यांनी सांगून टाकले की भारत अण्वस्त्रे बनवणार नाही आणि आणखी स्फोटांची गरज नाही. त्यांच्या लेखी अणुबॉम्ब हे पाप होते, जसे मद्य हे पाप होते. खर्च, तंत्रज्ञान, शेजाऱ्यांची ताकद यांचा हिशेब नंतरचा. १९७८ मध्ये रामण्णा ट्रॉम्बे सोडून संरक्षण मंत्रालयात वैज्ञानिक सल्लागार म्हणून गेले. पोखरणची फळी अशी पांगली.

पण मोरारजी अमेरिकेच्या म्हणण्यातले होते असे कुणी समजू नये. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर १ जानेवारी १९७८ ला दिल्लीत आले ते प्रसारबंदीचा ध्यास घेऊनच. भारताने आपल्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य करावी, असा त्यांचा आग्रह होता. मोरारजींनी उलट अटी ठेवल्या : बड्या राष्ट्रांनी आधी चाचण्या कायमच्या थांबवाव्यात, साठा वाढवणे बंद करावे, तो कमी करायला लागावे, मग भारत तपासणीचा विचार करील. बैठकीनंतर कार्टर आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्याशी खासगीत बोलत होते. परत गेल्यावर आणखी एक पत्र धाडू, थंड आणि अगदी रोखठोक, असे ते म्हणाले. शेजारचा मायक्रोफोन चालू होता. पत्रकारांनी ते वाक्य टिपले आणि दुसऱ्या दिवशी जगभर छापले गेले. तरी ३ जानेवारीला दोघांनी दिल्ली जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मोरारजींनी त्या वाक्याचा गवगवा होऊ दिला नाही.

१० मार्चला कार्टरनी नव्या प्रसारबंदी कायद्यावर सही केली. ज्या देशाच्या सर्व केंद्रांवर तपासणी नाही, त्याला दोन वर्षांनंतर इंधन नाही, असे तो कायदा म्हणत होता. एप्रिलमध्ये तारापूरच्या इंधनाचा अर्ज परवाना आयोगापुढे आला तेव्हा आयोगाचे सदस्य समसमान विभागले गेले. कार्टरनी स्वतःच्या अधिकारात ती खेप पाठवायला मंजुरी दिली. मोरारजींच्या शब्दाचे वजन त्या मंजुरीत होते : हा पंतप्रधान बॉम्ब करणार नाही म्हणतो, त्याला वाऱ्यावर सोडले तर करू म्हणणाऱ्यांचेच फावेल.

९ जून १९७८ ला मोरारजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणावरील विशेष अधिवेशनात उभे राहिले. बाकीच्या साऱ्या जगाने अण्वस्त्रे केली तरी भारत ती करणार नाही, आणि शांततेच्या नावाखालचे स्फोटही करणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. शब्द एकतर्फी होता. त्याला अट नव्हती. गांधींच्या विचारात वाढलेल्या माणसाला अट घालणे कदाचित हिणकसच वाटले असेल. पण राज्याच्या व्यवहारात अट नसलेल्या वचनाचा एक तोटा असतो : ते मोडले तर समोरच्याचे काही बिघडत नाही, आणि पाळले तर समोरच्याला बदल्यात काही द्यावे लागत नाही.

समोरचा तेव्हा पाकिस्तान होता. कहुटात युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना उभा राहत असल्याच्या बातम्या १९७९ च्या सुरुवातीला पक्क्या होत गेल्या. एप्रिलमध्ये अमेरिकेने त्याच कारणावरून पाकिस्तानची मदत तोडली. भारतात गुप्तवार्ता समितीचे प्रमुख होते के. सुब्रह्मण्यम. त्यांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीनुसार, हा अहवाल मंत्रिमंडळाच्या राजकीय समितीपुढे आला तेव्हा चरणसिंह, जगजीवनराम आणि एच. एम. पटेल भारताने तयारी पुढे न्यावी या मताचे होते. विरोधात होते दोघे : मोरारजी आणि परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी. ज्यांच्या जनसंघाने १९६४ पासून बॉम्ब मागितला ते वाजपेयी विरोधात, आणि पटेल तर स्वतः गुजरातचे, मोरारजींच्या विश्वासातले, तरी बाजूने. माणूस ज्या खुर्चीवर बसतो तिथून त्याला जग वेगळे दिसते. परराष्ट्र मंत्रालयात बसलेल्या वाजपेयींना तारापूर, चीनशी नुकतीच सुरू झालेली बोलणी आणि पाकिस्तानशी सुधारत असलेले संबंध दिसत होते. तिघांना कहुटा दिसत होते.

त्या मतभेदाचा निकाल पुढे लागला तो वेगळ्याच दिशेने. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत अविश्वास ठराव मांडला. सत्तेवरचा जनता पक्ष आतून फुटला, राजीनामासत्र सुरू झाले आणि २८ जुलैला मोरारजींची कारकीर्द संपली. १९५६ मध्ये ज्यांनी मोरारजींकडून मुंबई राज्य घेतले, त्याच चव्हाणांच्या ठरावाने त्यांचे पंतप्रधानपद गेले. भांडण दुहेरी सदस्यत्वाचे होते, नेतृत्वाचे होते, जुन्या हेव्यादाव्यांचे होते. अणुधोरणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून नवे पंतप्रधान चरणसिंह बोलले : पाकिस्तान बॉम्ब करत असेल तर आम्हाला फेरविचार करावा लागेल. संयुक्त राष्ट्रांत दिलेला शब्द चौदा महिने टिकला.

जगात काही देशांनी हा कार्यक्रम खरोखर सोडला आहे. ते का सोडतात, हे पाहिले की भारतातला नकार कशामुळे अल्पायुषी ठरला ते कळते.

सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. कतारगामच्या कारखान्यांत हिरे घासण्याच्या घंटीभोवती बसून रत्नकलाकार ज्या कच्च्या मालाला पैलू पाडतात, त्यातला काही आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून येतो. ऑगस्ट १९७७ मध्ये, मोरारजी पंतप्रधान होऊन पाच महिने झाले असताना, त्याच देशाने कलाहारी वाळवंटात खोदलेले चाचणीचे विवर उपग्रहाला दिसले होते. त्यानंतरच्या दशकात तिथल्या गोऱ्या राजवटीने सहा बॉम्ब तयार केले, सातवा अर्धवट होता. प्रत्येक बॉम्ब दोन भागांत, दोन वेगळ्या तिजोऱ्यांत ठेवलेला असे, म्हणजे कुणा एकाच्या हाती पुरे हत्यार लागू नये. १९८९ मध्ये फ्रेडरिक डी क्लार्क अध्यक्ष झाले आणि त्यांनी ते मोडायचा हुकूम काढला. युरेनियम काढून वितळवले, आराखडे नष्ट केले. जुलै १९९१ मध्ये प्रसारबंदी करारावर सही झाली. २४ मार्च १९९३ ला त्यांनी संसदेत हे सारे उघड केले, आणि वाळवंटातले विवर काँक्रीटने बुजवले गेले.

यात डी क्लार्क यांचा विवेक होताच. पण अंगोलातून क्यूबाचे सैन्य परतत होते, नामिबिया स्वतंत्र होत होता, सोव्हिएत संघाची भीती ओसरली होती, आणि जगात परत स्वीकारले जायचे असेल तर बॉम्ब हे ओझे होते. बॉम्ब ज्या भीतीपोटी केला ती भीती गेली होती. काहींना येणाऱ्या कृष्णवर्णीय सरकारच्या हाती तो पडू द्यायचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. चांगल्या निर्णयामागचे सगळेच हेतू चांगले नसतात.

ब्राझील आणि अर्जेंटिना यांची वाट निराळी. दोघेही लष्करी राजवटीत एकमेकांकडे पाहून कार्यक्रम वाढवत होते. लोकशाही आल्यावर १९८५ मध्ये दोन्ही अध्यक्ष सीमेवर भेटले. पुढे ते एकमेकांच्या गुप्त अणुकेंद्रांत पाहुणे म्हणून गेले. १९९० मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षांनी लष्कराने खोदलेल्या चाचणीच्या विवरात फावड्याने चुना टाकला, छायाचित्रकारांसमोर. पुढच्या वर्षी दोन्ही देशांनी एकमेकांच्या केंद्रांची तपासणी करणारी संयुक्त संस्था स्थापली. ती आजही काम करते. तिथे शब्दाला साक्षीदार होता, आणि साक्षीदार शेजारीच होता. स्वीडनमध्ये पन्नाशीच्या दशकात वर्तमानपत्रांत, पक्षांत, महिला संघटनांत वर्षानुवर्षे वाद झाला. १९६८ मध्ये सोडून देण्याचा निर्णय आला तेव्हा देश त्यासाठी तयार होता.

उलट बाजूही आहे. युक्रेनने डिसेंबर १९९४ मध्ये सरहद्दी अबाधित राहतील या आश्वासनावर सोव्हिएत वारशातली अस्त्रे देऊन टाकण्याचे मान्य केले. २०१४ मध्ये क्रीमिया गेला, २०२२ मध्ये रणगाडे आले. लिबियाने २००३ मध्ये कार्यक्रम सोडला, आठ वर्षांनी गद्दाफी मारले गेले. बॉम्ब बाळगणारा प्रत्येक देश ही दोन उदाहरणे तोंडपाठ ठेवून असतो.

या सगळ्यांशेजारी मोरारजींचा नकार ठेवून पाहा. सीमेवरची भीती कमी झाली नव्हती. कहुटामुळे ती वाढतच होती. शेजाऱ्याशी परस्पर तपासणीचा करार नव्हता. देशात वाद झालाच नव्हता : १९७४ चा स्फोट जसा बंद दाराआड ठरला, तसाच १९७७ चा नकारही एका माणसाच्या मनात ठरला. ट्रॉम्बेतले शास्त्रज्ञ, मंत्रिमंडळातले सहकारी, रस्त्यावरचा नागरिक, कुणालाही त्या नकाराचे मालक करून घेतले गेले नाही. म्हणून खुर्ची रिकामी झाल्यावर त्याच्या बाजूने उभे राहायला कुणी उरले नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. तारापूरला १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचे कबूल केले. १९९५ च्या डिसेंबरात नरसिंह रावांची चाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि ती थांबली. त्याच वर्षी १० एप्रिलला मोरारजी मुंबईत वारले होते, शंभरीला एक वर्ष कमी असताना. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणमध्ये पाच स्फोट झाले. पंतप्रधान होते वाजपेयी, १९७९ च्या त्या बैठकीत मोरारजींच्या बाजूने बसलेले वाजपेयी.

तरी त्या सव्वादोन वर्षांचे काहीच उरले नाही असे मी म्हणणार नाही. मोरारजींनी सर्व केंद्रांवर तपासणी नाकारली आणि बॉम्बही नाकारला. या दोन नकारांमधून एक प्रश्न राहिला : नागरी आणि लष्करी अणुकाम वेगळे करता येईल का? २००६ च्या विलगीकरण आराखड्यात भारताने तेच केले. सुरतेहून फार लांब नसलेल्या काकरापारच्या पहिल्या दोन भट्ट्या त्यात नागरी यादीत आल्या आणि आंतरराष्ट्रीय तपासणीखाली गेल्या. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ३१ डिसेंबर १९८८ चा करार आहे : एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्धे झाली, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर झाला. याद्या जातच राहिल्या. हा करार मोरारजींच्या वचनाच्या मानाने फार छोटा आहे. पण तो दोघांनी केला आहे, त्याला तारीख आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे दरवर्षी कळते. म्हणून तो टिकला.

मला या इतिहासातून एवढेच ठामपणे म्हणायचे आहे. बॉम्ब नको म्हणणारा माणूस देशाला हवाच, आणि मोरारजींनी ते एकट्याने म्हणण्याचे धैर्य दाखवले त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे, मुंबईचा हिशेब न विसरता मानले पाहिजे. पण अणुधोरण हे पंतप्रधान, दोनचार सल्लागार आणि शास्त्रज्ञ यांच्यापुरते ठेवले, तर चांगला निर्णयही त्यांच्याबरोबर येतो आणि त्यांच्याबरोबर जातो. सुरतेने पाच निवडणुकांत आपल्या खासदाराला कापड, पाणी, दारूबंदी, स्वराज्य यांवर तोलले. अण्वस्त्रांबद्दल तो काय करणार, हे त्याला कुणी विचारले नाही, आणि त्यालाही सांगायची गरज वाटली नाही. कतारगामच्या, तारापूरच्या, ट्रॉम्बेच्या मतदाराने तो प्रश्न सभेत उभे राहून विचारायला हवा. उत्तर होकारार्थी येवो की नकारार्थी, ते उत्तर मग एका माणसाचे राहणार नाही, आणि सरकार बदलले म्हणून ते गुपचूप पुसूनही टाकता येणार नाही.